जोडाची रेघ

१

प्लास्टिकची कुठलीही वस्तू हातात आली की माझा अंगठा आधी तिच्या जोडावर जातो. सवयच आहे ती. मी जावेद, लातुरात गोलाईत माझं प्लास्टिकच्या सामानाचं दुकान. बादल्या, घागरी, मग्गे, साबणदाण्या, खुर्च्या, पाण्याचे ड्रम. अब्बांच्या काळात पत्र्याचा माल होता, माझ्या काळात प्लास्टिक आलं. साच्याचे दोन भाग एकमेकांवर बसवतात, मधी गरम प्लास्टिक सोडतात, आणि जिथं ते दोन भाग मिळतात तिथं मालावर वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ राहते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. मला आधी तीच दिसते. रेघ बोटाला टोचली तर माल हलका, मी सरळ गाडीवाल्याला म्हणतो, घेऊन जा परत. माझं डोकं गरम आहे हे सगळ्या गोलाईला ठाऊक आहे, खोटं कशाला बोलू?

घरात आम्ही दखनी बोलतो. पण जन्म गेला गिऱ्हाइकांशी घासाघीस करण्यात, म्हणून काही सांगायला बसलो की मराठीच तोंडात येते.

नाजिया माझी एकुलती एक. भूकंपाच्या साली झालेली. ती दहावीत असताना तिच्या मामूनं, म्हणजे माझी बायको फरीदा हिच्या भावानं, हमजानं, शारजाहून एक खोका आणला. त्याला वाटलं खेळणी आहेत. उघडून बघतो तर आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि चौकटींना चिकटलेले हात, पाय, मुंडकी, बंदुका. धड बाहुली एक पण नाही. हमजा म्हणाला, "दुकानदारानं फसवलं की ओ दुल्हाभाई." मी म्हणलं, "त्याला काय, गिऱ्हाईकच तसं भेटलं." पण नाजिया खोक्यावरचं चित्र बघत बसली. तो लढाईचा खेळ होता. बोटाच्या पेराएवढे शिपाई आपणच तोडायचे, तासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि मग टेबलावर दोन फौजा मांडून खेळायचं.

सायबर कॅफेत जाऊन ती सगळं शिकून आली, आणि मग हमजा दर ईदला तिच्यासाठी नवे खोके आणायला लागला. खेळायला लातुरात कोण मिळणार? गादीवर फौजा मांडून दोन्हीकडून तीच लढायची. पण खरं सांगू का, खेळापेक्षा तिला तयारीच आवडायची. एकदा एक शिपाई माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "अब्बा, तुमच्या मग्ग्यावर असती ती रेघ याच्यावर पण हाय." होती. हेल्मेटपासून खांद्यावरून पार बुटापर्यंत. मला लई हसू आलं. तिथून आमचं दोघांचं जमलं. कटरचं पातं आडवं धरायचं, कापायचं नाही, नुसतं ओढायचं. खर्र, खर्र, की रेघ पावडर होऊन निघते. मी म्हणायचो, राहू दे की बारीकशी, वरून रंग बसणारच आहे. ती मान हलवायची. "रेघ राहिली की कितीबी हात मारा रंगाचे, खालून दिसतीच अब्बा."

२

बारावी झाली. मेडिकल थोडक्यात हुकलं, म्हणून ती परत बसली. तेव्हा लातुरात ट्युशनचा नुसता पूर आला होता. शिरूर अनंतपाळ, निलंगा, नांदेडकडची पोरं गठुडी घेऊन उतरायची आणि खोल्या शोधत फिरायची. आमच्या शेजारच्या सुमनबाईंनी तर पोरींची मेसच काढली. नाजिया सकाळी ट्युशनला जायची, दुपारी घरी, पुढ्यात पुस्तक उघडं आणि पुस्तकाच्या आड शिपाई. फरीदा ओरडायची. नमाजाच्या वेळी त्या सगळ्या पुतळ्यांवर ओढणी टाकून झाकायची आणि मग मुसल्ल्यावर उभी राहायची. मी पोरीला म्हणायचो, "मेडिकल लागू दे, या कामाचं पक्कं टेबल करून देतो तुला, माझ्या हातानं."

पावसाळा सरता सरता डेंग्यूनं तिला नेली. आठवडा पण लागला नाही. त्याबद्दल मी बोलणार नाही.

फरीदानं खोलीला कडी घातली. काही महिन्यांनी सुमनबाई आल्या, बिचाऱ्या चांगल्या मनानं म्हणाल्या, "भाभी, पोरी जागेसाठी रडून राहिल्यात. खोली द्या, घरात जरा आवाज तरी होईल." फरीदा उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून दार लावून घेतलं. मी सुमनबाईंना म्हणलं, परत हा विषय काढू नका.

पुढच्या उन्हाळ्यात मी टेबल करायला घेतलं. दुकानातल्या जुन्या रॅकचे लोखंडी अँगल कापून पाय केले, वर जाड प्लाय टाकला. बसल्यावर कोपर सहज टेकेल एवढी उंची ठेवली, आणि कोपर माझं नाही धरलं. पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोकली, कारण ते बारीक हात-पाय घरंगळून फरशीवर गेले की सापडत नाहीत, हे तिचं रोजचं रडगाणं असायचं. रंगाच्या बाटल्या बसतील अशी भोकं पाडून एक फळी मागं लावली. खणांच्या जागी दुकानातल्या छोट्या टोपल्या. वाकणाऱ्या मानेचा दिवा. भिंतीला टेकवून टेबल उभं केलं तेव्हा फरीदा दारात येऊन थांबली. आत पाय टाकला नाही.

"आता कुणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणलं. "खोके न उघडलेले पडलेत तिचे. कोण पुरे करणार?"

"तुमच्यानं सुईत दोरा ओववत न्हाई," ती म्हणाली, आणि गेली.

३

दुपारच्या उन्हात गोलाईत कुत्रं पण फिरत नाही. मी शटर अर्धं ओढून घरी जेवायला यायचो आणि जेवण झालं की टेबलावर बसायचो. आधी चौकटी साबणाच्या पाण्यात धुवायच्या. साच्यातून माल सुटावा म्हणून आतून तेल लावतात, ते गेलं नाही तर रंग धरत नाही. पाण्याचे हाल होते, टँकर येईल तेव्हा येईल. फरीदा माझ्याकडून ते साबणाचं पाणी काढून घ्यायची आणि संडासाला वापरायची. मग नखं कापायच्या कटरनं एक एक हात, एक एक मुंडकं तोडायचं. मग चिकटवायचं. मग रेघ. मग सकाळच्या गारव्यात गच्चीवर नेऊन प्रायमरचा फवारा, कारण उन्हात मारला तर रंग हवेतच वाळतो आणि शिपायावर नुसती भुकटी बसते.

मला जमत नव्हतं, काय सांगू. पातं घसरायचं, शिपायाचं नाक जायचं. मी एकटाच शिव्या घालायचो, स्वतःला, शिपायाला, हमजाला. पण तेवढा वेळ छातीवरचा दगड हलका व्हायचा.

एका दुपारी दुकानात ड्रमची गाडी आली म्हणून पोऱ्याचा फोन आला आणि मी एक शिपाई नुसता जोडून, रेघ तशीच ठेवून उठलो. दुसऱ्या दिवशी बसलो, अंगठा फिरवला. रेघ नव्हती.

मी चष्मा लावला. दिवा खाली ओढला. बगलेत, बंदूक आणि बोटांच्या मधल्या फटीत, बुटाच्या आतल्या बाजूला, जिथं माझं पातं पोचतच नाही, तिथून पण रेघ साफ निघालेली. नाक जागेवर होतं. टेबलाच्या पट्टीला लागून करडी पावडर साचली होती.

मी म्हणलं, मीच काढली असेल, विसरलो. दुःखात माणूस काय काय विसरतो. दुकानात एका गिऱ्हाइकाकडून मी पैसे घेऊन माल पण तसाच ठेवून घेतला होता, मोठं भांडण झालं. तसंच हे. फरीदा? ती खोलीत येतच नव्हती. तरी खात्रीसाठी मी एक शिपाई जोडला, रेघेवर पेनानं खूण केली, दाराला कडी घातली आणि दुकानात गेलो. दुसऱ्या दुपारी खूण पण नव्हती आणि रेघ पण नव्हती.

४

आवाज पहिल्यांदा ऐकला तो जेवताना. लाइट गेली होती, कूलर बंद होता, म्हणून ऐकू आला. दाराच्या पलीकडून खर्र, खर्र. थांबून परत खर्र. दुधाच्या पातेल्याची खरवड कुणी चमच्यानं काढावी तसा, पण लई बारीक. आणि मधीच, फू.

पावडर उडवायला ती फुंकर मारायची.

घास माझ्या तोंडातच राहिला. उंदीर असेल, म्हणलं. पण उंदीर कुरतडतो, त्याला ताल नसतो, आणि उंदीर फुंकर मारत नाही. उठून दारापर्यंत गेलो. कडीवर हात ठेवला. उघडलं तर थांबेल असं वाटलं आणि मी हात काढून घेतला. भीती वाटली का? वाटली ना.  पण त्या भीतीच्या खाली एवढा आनंद होता की मी भिंतीला टेकून उभ्या उभ्या रडलो. ती आली होती. मला दुसरं काही नको होतं. बोलू नको, दिसू नको बेटा, नुसती येत राहा, एवढंच मी मागत होतो.

फरीदा ताट सोडून आली. "काय झालं ओ?"

"ऐक," मी म्हणलं.

तिनं दाराला कान लावला. आतून खर्र, खर्र चालूच होतं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"काय ऐकू?"

"अगं हे! आता, हे बघ, आता फुंकर मारली."

तिनं दुसरा कान लावला. मग हळूच खाली बसली, पाठ दाराला लावून. "तुम्हाला येतो," ती म्हणाली. "मला का येत न्हाई? पोटात कुणी वाढवलं तिला, तुम्ही का मी?" आणि मग जे रडायला लागली, मला आवरेना. मय्यतीच्या दिवशी पण ती अशी रडली नव्हती. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसून म्हणाली, "एवढं करा. तिला म्हणा, अम्मीकडं पण ये एकदा."

मी दाराजवळ तोंड नेलं. शेजारच्या घरी खेळायला गेलेल्या पोरीला हाक मारावी तसं म्हणलं, "नाजिया, अम्मी बोलवून राहिली."

आवाज थांबला. फरीदानं परत दाराला कान लावला. मग परत खर्र, खर्र सुरू झालं, आणि ते परत मलाच ऐकू आलं.

५

मग रोजचंच झालं. मी सकाळी शिपाई तोडून, जोडून ठेवायचो आणि दुपारी ती रेघा काढायची. दुकानात माझं डोकं गरम होणं कमी झालं. गिऱ्हाइकं चकित व्हायची. कुणी बादली ठोकून ठोकून बघितली तरी मी हसायचो.

पण खोके सरले. शेवटचा शिपाई साफ झाला आणि खोली गप झाली. हमजाला फोन लावला. तो म्हणाला, ईदला येताना आणतो. ईद लांब होती. मी जेवायला बसायचो आणि घास घेऊन नुसता ऐकत राहायचो. कूलर मुद्दाम बंद करायचो, घामानं भिजायचो. काही नाही. पोरगी दुसऱ्यांदा गेली असं झालं मला.

आणि मग मला अक्कल सुचली. गोलाईतल्या प्लास्टिकवाल्यालाच सुचावी अशी. दुकानात नवीन मग्ग्यांचा माल आला होता, रेघ ही एवढी जाड, परत पाठवणार होतो. त्यातला एक पिशवीत घालून घरी आणला आणि टेबलावर दिव्याखाली ठेवला. "घे बेटा," म्हणलं. "शिपाई न्हाईत तर न्हाईत. रेघा लई हायत आपल्या दुकानात."

दुपारी आवाज आला. मी जेवता जेवता मोठ्यानं हसलो, फरीदा माझ्याकडं बघत राहिली. संध्याकाळी मग्गा हातात घेतला तर कानाच्या आतून सुद्धा गुळगुळीत. कंपनीत पण असा माल निघत नाही. दुसऱ्या दिवशी साबणदाणी नेली, मग कंगवा, मग चाळणी. मी रोज काहीतरी न्यायचो. तुझं काम आता जन्मभर सरणार नाही, म्हणलं.

६

न्हाणीघरातली बादली आमची जुनी. ती मी टेबलावर कधीच ठेवली नव्हती. एका सकाळी अंघोळीला बसलो, बादली पुढं ओढली, आणि अंगठा नेहमीसारखा फिरला. रेघ नव्हती.

तसाच ओल्या अंगानं, लुंगी गुंडाळून मी घरभर फिरलो. वरांड्यातली खुर्ची. दोघांचे दात घासायचे ब्रश. फ्रिजमधल्या बाटल्या. फरीदाच्या चपला. जिथं हात लावावा तिथं गुळगुळीत. फरीदा म्हणाली, "काय हरवलं?"  मीच मला समजावत होतो, वापरून वापरून झिजतं प्लास्टिक. पण बाटल्या तर मागच्या महिन्यातल्या होत्या.

प्लास्टिकपर्यंत ठीक होतं, तिची ती सवय, म्हणलं. मग मधल्या खोलीतली भिंत बघितली. भूकंपात आमचं घर उभं राहिलं, पण दारावरून छतापर्यंत एक भेग गेली होती. किती वेळा सिमेंट भरलं, पुट्टी भरली, दर दिवाळीच्या आधी गवंडी येऊन पैसे घेऊन जायचा, आणि उन्हाळा आला की भेग परत डोळे वटारून उभी. आता ती भेगच राहिली नव्हती. स्टुलावर चढून मी हात फिरवला. खाली फरशीवर चुन्याची बारीक भुकटी पडली होती, नीट, एका ओळीत.

भिंतीला कुठला आलाय साचा? ती रेघ जोडाची नव्हती. 

त्याच दिवशी मी टेबलावरचा सगळा माल पिशवीत भरून दुकानात परत नेला आणि खोलीला कुलूप घातलं. पण दुपारी आवाज आला तो खोलीतून आला नाही. स्वयंपाकघरातून आला, फरीदा तिथं पाटाला डोकं लावून पडली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीतून आला, ती तिथं पलंगावर पडली होती. मी धावत जाऊन तिला गदागदा हलवलं. ती खवळली. "झोपू द्या की! किती महिन्यांनी डोळा लागला माझा!"

खरंच होतं ते. नाजिया गेल्यापासून फरीदा दुपारीच काय, रात्री पण नीट झोपली नव्हती. आता तिच्या डोळ्याखालचं काळं कमी झालं होतं. मी दारात उभा राहिलो. उठवू का झोपू देऊ, मला कळेना. मी झोपू दिलं.

७

फरीदाच्या पोटावर एक रेघ होती. भूकंपाच्या पहाटे ती बाळंतपणाला दवाखान्यात होती. जमीन हलली तशी सगळ्यांनी पेशंट उचलून मैदानात आणले. किल्लारीकडून टेम्पो भरभरून माणसं येत होती, कुणाला कुणाचं भान नव्हतं. फरीदा अडली होती. तिथंच, कनातीच्या आडोशाला, बत्ती धरून तिचं ऑपरेशन केलं. टाके घालताना जमीन परत हलली, म्हणून ती रेघ बेंबीखाली एका जागी वाकडी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले आम्हाला, म्हणाल्या, वाकडं झालं. मी त्यांच्या पाया पडलो. एवढी माणसं गेली त्या दिवशी, आणि माझ्या घरी एक आलं होतं.

थंडीत ती रेघ खाजायची, फरीदा वैतागायची. पण नाजिया गेल्यावर मी बघायचो, एकटी बसली की तिचा हात पदराखाली तिथंच असायचा, त्या वाकड्या जागेवर.

झोपू दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जेवायला आलो तर फरीदा गाणं गुणगुणत होती. लोणच्याची बरणी काढायला टाचा उंच करून तिनं हात वर केला, पदर सरकला, आणि मला पोट दिसलं. गुळगुळीत. न्हाणीला बसलेल्या नव्या नवरीचं असावं तसं.

माझ्या तोंडातून निघालं, "फरीदा, दुखतं का गं?"

"काय दुखायचं?"

"तिथं... ऑपरेशनचं."

ती बरणी घेऊन वळली आणि हसली. "कसलं ऑपरेशन? डोकं फिरलं का उन्हानं? बसा, पाणी देते." पाणी दिलं, ताट वाढलं, आणि पंख्याखाली बसून म्हणाली, "ओ, सुमनबाईंना एकदा विचारायचं का? पोरींना जागा मिळून न्हाई राहिली म्हणतात. आपली ती खोली रिकामीच पडली हाय, वर कुलूप कशाला घातलंय?"

"नाजियाची खोली?" मी म्हणलं.

"नाजिया," ती म्हणाली. कुणाची तरी लग्नाची पत्रिका आली आणि नाव ओळखीचं लागलं नाही की माणूस म्हणतो तसं. मग भाताचा चमचा उचलला. "घ्या, गार होऊन राहिला."

कपाटातून मी फोटो काढून आणला. तिनं हातात घेऊन नीट बघितला आणि म्हणाली, "गोड हाय पोरगी. हमजाची का?"

८

डॉक्टरकडं नेतो, म्हणलं. धक्क्यानं माणूस विसरतं, असं होतं, ऐकलंय मी. पण पोटाचं काय सांगू त्यांना? नसलेली रेघ दाखवायची कशी?

दुपारी कुलूप काढून मी खोलीत गेलो, आतून कडी लावली आणि टेबलावर बसलो. दिवा लावला. मला राग आला होता, लई राग. पोरीवर हात कधी उचलला नव्हता, पण त्या दिवशी मी टेबलावर मूठ आपटली. "काय केलंस हे? अम्मी बोलवून राहिली म्हणलं, ते यासाठी?" शिपाई भोकांच्या फळीवर ओळीनं उभे होते. सगळे तयार, सगळे करडे. उकाड्यानं, रडण्यानं मला गुंगी आली आणि मी डोकं हातावर टेकवलं.

जाग आली ती कानाजवळच्या आवाजानं. खर्र.

माझ्या डाव्या भुवईत एक व्रण आहे. नाजिया नुकती चालायला लागली होती, पितळेचं फुलपात्र फेकून मारलं तिनं, खोक पडली, रक्तानं सदरा भिजला. फरीदानंच हळद दाबली आणि हळद दाबता दाबता तिला हसू आवरत नव्हतं. त्या व्रणावर काहीतरी गार टेकलं होतं, पात्याची पाठ असावी. दुखत नव्हतं. उलट तिथून सुरू होऊन सगळं डोकं हलकं होत होतं, जन्मभराचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं. मी डोळे किलकिले केले. दिव्याचा उजेड खालीच होता. वर मी बघितलं नाही. उजेडात फक्त एक हात दिसला, कटर धरलेला, तिच्याच धरण्यासारखा, करंगळी वर. पण बोटांच्या सांध्यांवर घड्या नव्हत्या. तळव्यावर एक पण रेषा नव्हती. मनगटावर सलाइनच्या सुईची निळी खूण होती दवाखान्यात, मीच फुंकर घातली होती तिच्यावर. ती पण नव्हती. सगळ्यांच्या आधी तिनं स्वतःला साफ करून घेतलं होतं.

पातं सरकलं. आणि ते फुलपात्र कुठं ठेवलं होतं, कोणत्या खोलीत, तिनं काय घातलं होतं अंगात, लाल का पिवळं, मला आठवेना. आत्ता आठवत होतं आणि आत्ता आठवेना.

"ही नको बेटा," मी म्हणलं.  "ही राहू दे. दुखतं, पण राहू दे."

पातं थांबलं. किती वेळ तसंच टेकलेलं होतं, सांगता येत नाही. मग भुवईवर हळूच, फू. एकदाच. मी डोळे उघडले तेव्हा कटर टेबलावर होता, त्याच्या पुढं पट्टीला लागून थोडीशी भुकटी, पण करडी नव्हे, कातडीच्या रंगाची.

त्यानंतर आवाज आला नाही. मी शिपाई ठेवून बघितले, हमजानं ईदला नवा खोका आणला तो उघडून ठेवला. रेघा तशाच राहिल्या.

आता त्या खोलीत निलंग्याच्या दोन पोरी राहतात, ट्युशनला जातात. टेबल त्यांना आवडलं, त्यावर पुस्तकं मांडलीत. फरीदा त्यांना चहा करून देते, केस विंचरून देते, दिवसभर तिचं हसणं ऐकू येतं. सुमनबाईंना मी हात जोडून सांगितलंय, तिच्यासमोर नाव काढू नका. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि मान हलवली. मी दुकानात जातो, गिऱ्हाइकांवर पहिल्यासारखा खेकसतो. फुलपात्र पितळेचं होतं, एवढं मला पक्कं माहीत आहे. फ्रॉकचा रंग परत आला नाही.

परवा शुक्रवारी मी नमाजाला जायला निघालो होतो. फरीदा टोपी द्यायला आली आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबली. भुवईवर तिनं बोट ठेवलं.

"हा व्रण कशाचा हो? मी कधी बघितलाच न्हाई."

"लहानपणी पडलो होतो," मी म्हणलं.

तिनं त्या जागेवरून बोट फिरवलं, हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "लई लागलं असंल न्हाई तवा?"

"हाव," मी म्हणलं. "लई लागलं."